एकच बी, पेडण्यात वेगळे, डिचोलीत वेगळे

चतुर्थीला गावी गेलात की माटोळी बांधून झाल्यावर अर्धा तास काढा आणि शेताच्या मेरेवर जाऊन या. चतुर्थी लवकर असली तर सरदाचे भात अजून पोटरीत असते, उशिरा असली तर निसवून त्यात दूध भरू लागलेले असते. दूध भरत असेल तर एक लोंबी हातात घ्या (शेत दुसऱ्याचे असेल तर विचारून) आणि एकेक दाणा नखाने दाबून पाहा. काही दाण्यांतून पांढरा चीक येईल, काही नुसतेच चपटे होतील. चपटे किती निघाले ते मोजा. शेतकऱ्याच्या घरातले वर्ष त्या आकड्यावर चालते.

हिशेब सोपा आहे, शाळेतल्या मुलांनाही जमेल. एका चौरस मीटरमध्ये 250 लोंब्या आल्या, प्रत्येकीवर 80 दाणे धरले, त्यातले शेकडा 80 भरले आणि हजार दाण्यांचे वजन 25 ग्रॅम झाले, तर त्या चौरस मीटरात 400 ग्रॅम भात झाले. म्हणजे हेक्टरी चार टन. आता बाकी सगळे तेच ठेवा आणि भरलेले दाणे शेकडा 80 ऐवजी 60 करा. 300 ग्रॅम, हेक्टरी तीन टन. लांबून पाहिले तर दोन्ही शेते सारखीच हिरवी, सारखीच उंच. फरक नखाखाली कळतो.

आपल्याकडे सर्वत्र लागणाऱ्या 'ज्योती'चेच उदाहरण घेऊ. ही लाल तांदळाची जात केरळच्या पट्टांबी संशोधन केंद्रातून 1970 च्या दशकात आली आणि गोव्याने ती इतकी आपलीशी केली, की पुष्कळांना ती इथलीच वाटते. पेडणे तालुक्यातल्या एका घराने आणि डिचोलीतल्या त्यांच्या सोयऱ्यांनी एकाच पोत्यातले ज्योतीचे बी वाटून घेतले, एकाच आठवड्यात पेरले, तरी ऑक्टोबरात दोघांच्या कणग्यांत सारखे भात पडेलच असे नाही. मग फोनवर 'तुमचे बी चांगले निघाले, आमचे खराब' असे बोलणे होते. बी तर एकच होते! बियाण्याच्या पिशवीवर छापलेले उत्पन्न म्हणजे त्या जातीची ऐपत. त्यातले हाती किती लागेल हे ठरवतात पाणी, मीठ, ऊन, माती आणि वेळ. मला विचाराल तर त्यातही वेळ सर्वात जास्त.

भाताचे आयुष्य असे चालते. पेरल्यापासून फुटवे येईपर्यंतचा काळ जातीप्रमाणे कमीजास्त होतो. हळवे भात आणि गरवे भात यांच्यातला सगळा फरक याच काळात असतो. पुढचे दोन टप्पे मात्र बहुतेक जातींना जवळपास सारखेच लागतात. पोटात लोंबी धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंत सुमारे 35 दिवस आणि फुलोऱ्यापासून पिकेपर्यंत सुमारे 30 दिवस. लोंबीवर किती दाणे बसतील हे पहिल्या 35 दिवसांत ठरते, त्यातले किती भरतील हे त्यानंतर. आणि या दोहोंच्या मधोमध असतो फुलोरा, सगळ्यात नाजूक.

भाताचे फूल पाहिले आहे कधी? बहुतेकांनी पाहिलेले नसते, कारण ते सकाळी 9 ते 12 च्या दरम्यान, तेही तासभर किंवा त्याहून कमी वेळ उघडते. टरफलाची दोन पाती जरा विलग होतात, पिवळट पुंकेसर बाहेर लोंबतात, त्याच फुलात परागीकरण होते आणि पाती मिटतात. एका लोंबीवरची सगळी फुले उमलून संपायला आठवडाभर लागतो. त्या आठवड्यात रोज सकाळी मुसळधार पाऊस पडला तर पराग भिजून वाया जातो. त्या तासात तापमान 35 अंशांच्या वर गेले तर पराग मरतो. दोन्ही वेळा परिणाम एकच, आत काही न धरलेला दाणा. एकदा फूल मिटले की पुढे कितीही खत घाला, तो दाणा भरत नाही.

हे लक्षात घेतले की पुराचा हिशेबही वेगळा दिसतो. 23 जुलै 2021 ला उत्तर गोव्यात पूर आला, तेव्हा पेडणे, डिचोली, सत्तरीतली शेते पाण्याखाली गेली. तिळारी नदी दोडामार्गातून उतरते आणि आपल्याकडे शापोरा होऊन समुद्राला मिळते. वर घाटात पाऊस झाला की खाली पाणी चढते. जुलैच्या शेवटी भात फुटव्यात असते. दोनतीन दिवसांत पाणी उतरले तर ते पुन्हा डोके वर काढते, फुटवे जरा कमी येतात इतकेच. आठ-दहा दिवस बुडून राहिले तर मात्र साध्या जाती कुजतात. ओडिशातल्या एका जुन्या वाणात दोन आठवडे पाण्याखाली तग धरायचा गुण सापडला आणि तो 'स्वर्णा'त आणून 'स्वर्णा-सब 1' ही जात 2009 मध्ये शेतकऱ्यांना दिली गेली. पण हाच पूर सप्टेंबरच्या मध्यात, फुलोऱ्यात आला तर दोन दिवसही पुरतात. वर्तमानपत्रात दोन्ही वेळा बातमी एकच असते, 'अमुक हेक्टर शेती पाण्याखाली'. तारीख पाहिल्याशिवाय त्या बातमीवरून नुकसान कळत नाही.

आता ऊन. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यातल्या पिकाला पाणी मुबलक, पण आभाळ भरलेले. दाण्यात जी पिठी भरायची ती पाने उन्हातून करतात, म्हणून दाणा भरताना ढग राहिले की दाणा हलका होतो. वायंगणाला नेमके उलटे. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरायचे, मार्च-एप्रिलात कापायचे. ऊन भरपूर, पाणी मात्र आणून द्यावे लागते. पाण्याची खात्री असेल तिथे वायंगण सरदाला मागे टाकते. पेडणे, डिचोली आणि बार्देशला तिळारीच्या कालव्याचे पाणी येऊ लागल्यावर काही गावांतला वायंगणाचा भरवसा वाढला. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद राहिला, तर मात्र ऐन पोटरीत जमिनीला भेगा पडतात. लावणी जानेवारीच्या शेवटापर्यंत रेंगाळली तर फुलोरा मार्चच्या झळांत सापडतो, तेही वाईट.

रात्रीचाही यात हात असतो, ते आपल्या ध्यानात येत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्याच शेतांतली वर्षानुवर्षांची नोंद तपासून 2004 मध्ये दाखवले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एक अंशाने वाढले की भाताचे उत्पन्न सुमारे 10 टक्क्यांनी उतरते. रात्री गरम असली की रोप दिवसभर कमावलेले श्वासोच्छ्वासातच खर्च करते, असे त्याचे एक कारण मानतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना गरम रात्री म्हणजे काय ते सांगायला नको.

इथून पुढे पेडणे आणि डिचोलीच्या वाटा वेगळ्या होतात.

पेडण्यात नदीकाठाने खाजन शेती आहे. 'कोरगुट' म्हणजे खाजनातले भात. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, बांधात मानस बसवायची. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना माणूस. तरीही या मातीत मीठ राहतेच. आगरवाडा हे गावाचे नाव ऐकले तरी त्यात आगर आहे. जूनच्या पावसाने वरचे मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचे आणि मग मोड आणलेले बी टाकायचे, ही इथली जुनी रीत.

भाताला मीठ दोन वेळा फार बाधते. एकदा रोप कोवळे असताना आणि पुन्हा लोंबी धरण्यापासून फुलोऱ्यापर्यंत. मधल्या काळात ते बरेच सोसते. म्हणून खाजनात सगळा जीव पावसाच्या वेळापत्रकावर टांगलेला असतो. जूनमध्ये पाऊस उशिरा आला तर बी मिठात रुजते आणि पिवळे पडते. सप्टेंबरात पावसाने ताण दिला आणि त्याच वेळी बांधाला भगदाड पडले, तर खारे पाणी नेमके फुलोऱ्यावर येते. झाडे उभी राहतात, पाने हिरवी राहतात आणि लोंबी पोचट. अशा जागी ज्योती लावणे म्हणजे जुगार. कोरगुट उंच वाढते, वाऱ्याला लोळते, खत घातले तरी फार देत नाही, चांगल्या जमिनीत ज्योतीच्या जवळपासही पोचत नाही. पण ज्या वर्षी ज्योती पोचट जाते त्या वर्षी कोरगुट काहीतरी घरात आणते.

जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने हे कोरगुट मोडीत काढले नाही, त्यातूनच निवड केली. 'गोवा धान 1' आणि 'गोवा धान 2' या जाती कोरगुटातून निवडलेल्या आहेत. मीठ सोसणारे आणि तरी कोरगुटाहून अधिक देणारे वाण हाती आले. आपल्या शेजारी कोकणात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल 1, 2, 3' या जाती अशाच खाऱ्या जमिनीसाठी दिल्या. केरळात हेच काम 'पोक्कळी' करते. मीठ सोसायचा गुण ज्या गुणसूत्राच्या तुकड्यावर आहे तो शास्त्रज्ञांनी पोक्कळीत शोधला आणि आज जगभरच्या भात संशोधकांना तो ठाऊक आहे. कुणा पूर्वजांनी खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या जे बी राखले, त्याची ही किंमत.

डिचोलीची अडचण मिठाची नाही. (नार्वे-पिळगावकडे मांडवीच्या काठाला खाजन आहे, पण तालुक्याचा मुख्य प्रश्न तो नव्हे.) इथली माती लाल, जांभ्याची, आंबट आणि लोहाने भरलेली. शेतात पाणी साचून राहिले की मातीतली हवा संपते, लोह पाण्यात विरघळते आणि मुळांवाटे रोपात चढते. पानांवर तांबूस ठिपके येतात, मुळे काळी पडतात, फुटवे थांबतात. इलाज खर्चिक नाही. अधूनमधून शेतातले पाणी काढून जमीन थोडी हवेशीर करायची आणि मातीची तपासणी करून चुना घालायचा. पण पाणी काढायचे तर ते जायला वाट हवी.

इथे खाणींचा विषय टाळून चालत नाही. मुळगाव, शिरगाव, पिळगाव, मये या भागांत खाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसात वाहून आलेला गाळ शेतांत आणि ओहोळांत बसला. हा गाळ बारीक, चिकट. सुकला की सिमेंटसारखा थर होतो, त्यातून ना पाणी नीट उतरत ना मूळ. ओहोळ भरला की शेतातले पाणी बाहेर पडत नाही, आणि मग वर सांगितलेली लोहाची बाधा दुप्पट होते. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर डिचोलीत परत सुरू झाल्या. खाण बंद पडली म्हणून गाळ आपोआप निघून जात नाही. तो उपसावा लागतो, पुढे शेण आणि हिरवळीचे खत घालून माती पुन्हा माती करावी लागते, आणि त्याला काही हंगाम जातात. या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. ज्यांचे पोट खाणीवर होते त्यांचे दुःखही खरे आहे. पण चर्चेत शेताचा उल्लेख 'नुकसानभरपाई' या एका शब्दात उरकतो, ते मला पटत नाही. भरपाई एका पिकाची मिळते. त्या मातीत पुढच्या वर्षी दाणा भरेल का, हा प्रश्न तसाच राहतो.

भात कापल्यावर त्याच जमिनीतल्या ओलीवर येणारा अळसांदा वेगळ्या स्वभावाचा. पुलाव, तोंडाक, उसळ, काहीही करा, अळसांद्याची चव वेगळी. नोव्हेंबरात ओल जरा ओसरली की पेरायचा आणि राहिलेल्या ओलीवर व दंवावर वाढवायचा. शहरातून नुकत्याच शेतीकडे वळलेल्या मुलांना इथे मोह होतो तो भरपूर पाणी आणि युरिया देण्याचा. मग वेल गुडघ्याच्या वर जातो, गर्द हिरवा होतो, फोटो छान येतात, आणि शेंगा मोजक्याच. ओल आटत आल्याची जाणीव झाली की वेल फुलाकडे वळतो. पाणी द्यायचेच तर फुले आल्यावर आणि शेंग भरताना, बेताने. पेरणी लांबून फुलोरा गरम रात्रींत सापडला तर फुले गळतात.

आणि तीच गोष्ट चाऱ्याची, जरा उलट बाजूने. चाऱ्याच्या पिकाकडून आपल्याला पाने हवी असतात, म्हणून ते फुलावर येण्याआधी किंवा येता येता कापतात. मग बी कुठून यायचे? बियाण्यासाठी राखलेला तुकडा न कापता सोडावा लागतो, म्हणजे त्या दिवसांचा चारा सोडावा लागतो. दुधाचा धंदा करणाऱ्याला हे जड जाते. शिवाय गवताचे बी एकदम पिकत नाही. वरचे पिकून झडते, तोवर खालचे हिरवेच. गोव्याच्या दमट हवेत ते बुरशीला बळी पडते. म्हणून चाऱ्याच्या बियाण्याची शेती कोरड्या मुलखात होते. आंध्रातल्या अनंतपूरकडे 'स्टायलो' या चाऱ्याचे बी पिकवणारे शेतकरी ते जमिनीवर झडू देतात आणि मग चक्क झाडून गोळा करतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या पावसात हे करून पाहा!

लसूणघासाची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. राहुरीच्या विद्यापीठाची 'आर. एल. 88' ही जात महाराष्ट्रात नावाजलेली आहे. या घासाच्या फुलात पुंकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखे दडलेले असतात, मधमाशी बसली की ते फटकन सुटतात आणि परागीकरण होते. माशीच नसेल तर शेत जांभळे दिसते पण बी थोडेच धरते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लसूणघासाचे बी पिकवणारे शेतकरी एका रानमाशीसाठी शेताशेजारी खास खाऱ्या ओल्या जमिनीचे वाफे राखतात, त्यावर मीठ टाकतात, कारण ती माशी तसल्याच जमिनीत घर करते. आपण मीठ शेताबाहेर ठेवायला बांध घालतो, ते मीठ विकत आणून टाकतात.

गोव्यातल्या गोठ्यांत जे संकरित नेपियर दिसते त्याला तर बी धरतच नाही. ते बाजरी आणि नेपियर गवत यांचे अपत्य. बाजरीची गुणसूत्रे 14, नेपियरची 28, संकरात आली 21. जोड्या लागत नाहीत, म्हणून बी नाही. लावायचे ते कांड्यांनी. राहुरीचा 'फुले जयवंत' असो की धारवाडची 'संपूर्णा', शेजाऱ्याकडून कांड्या मागून आणल्या की काम झाले. ज्या जमिनीत बी धरायला हवा साथ देत नाही तिथे बी न लागणारा चारा, हा शहाणपणाचाच तोडगा आहे. जुने घरोघरचे उत्तर मात्र भाताचा पेंढा हेच होते. उंच कोरगुटाचा पेंढा पुष्कळ, ठेंगण्या जातींचा कमी, कारण ठेंगण्या जाती आपली कमाई काडीऐवजी दाण्यात घालतात. गुरे गेली तसा पेंढ्याचा विचारही गेला. कुणी पुन्हा गाय बांधणार असेल तर जात निवडताना हाही हिशेब करावा.

आता घरच्या बियाण्याविषयी. 2023 च्या कायद्याने गोव्यातली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध आले. मुंबई-पुण्याला किंवा आखातात स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबांची नावे एक-चौदाच्या उताऱ्यावर आहेत. जमीन त्यामुळे कदाचित राहील. बी राहण्यासाठी कायदा नाही. खाजनाचा बांध फुटून दोन-तीन वर्षे खारे पाणी आत राहिले की कांदळ उगवते, आणि ज्या घरात कोरगुट होते तिथले शेवटचे बी उंदीर खातात किंवा ते जुने होऊन मरते.

याचेही कारण वाढीच्या परिस्थितीतच आहे. वायंगणाचे भात एप्रिलात कडक उन्हात निघते, नीट वाळते आणि दोन महिन्यांत पुन्हा सरदाला पेरता येते, म्हणून बियाण्यासाठी ते उत्तम. कोरगुट येते पावसाळ्यातच. ते ऑक्टोबरच्या दमट दिवसांत निघते आणि पुढच्या जूनपर्यंत आठ महिने सांभाळावे लागते. बियाण्यातली ओल 13 टक्क्यांवर राहू नये, आणि ओल एका टक्क्याने उतरली की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे. जुनी माणसे बी पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून चुलीच्या धुराजवळ टांगत, ते याच कारणाने. आता घट्ट झाकणाचा डबाही चालतो, पण आधी बी खडखडीत वाळलेले हवे. भाताचे बी शेजारच्या दुसऱ्या जातीत सहसा मिसळत नाही, कारण फूल स्वतःतच फळते. बियाण्याच्या प्लॉटला तीन मीटर अंतर पुरते. 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हरमलच्या मिरचीचे तसे नाही. मिरचीच्या फुलांवर माश्या फिरतात, म्हणून तिच्या बियाण्याला दोनशे-चारशे मीटरचे अंतर सांगितलेले आहे. म्हणजे शेजाऱ्याने कोणती मिरची लावली हेही पाहायचे.

पेरणीआधी मिठाच्या पाण्याची परीक्षा करा. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओतायचे. तरंगेल ते पोचट, काढून टाकायचे. बुडेल ते साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. त्याच्याही आधी, मेच्या मध्याला, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि रोज थोडे पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी उघडून मोड आलेले मोजा. ऐंशी किंवा त्याहून जास्त आले तर ठीक. कमी आले तर मृगाचा पाऊस पडायच्या आत गावात कुणाच्या घरी अजून कोरगुट आहे ते विचारत फिरायला दोन आठवडे मिळतात.